सोळा टक्क्यांचे पाच भाऊ

कोल्हापूरच्या एका वाचकाने विचारलंय: "पिट्सबर्ग स्टीलर्स हा अमेरिकेतला फुटबॉल संघ १९३३ पासून एकाच घराण्याकडे आहे असं वाचलं. आमच्याकडे तिसऱ्या पिढीत हार्डवेअरच्या दुकानात मधोमध भिंत उभी राहिली. मग एवढा मोठा संघ पाच भावांत वाटून टिकतो कसा? घरातल्या सगळ्यांना त्यातून पैसे मिळतात का? आणि आपल्याकडे असं का होत नाही?"

पहिल्या प्रश्नातच एक दुरुस्ती. तो संघ वाटून टिकला नाही. वाटला गेला म्हणून जवळजवळ हातचा गेला होता. वडील गेल्यानंतर वीस वर्षांनी पाचांपैकी थोरल्या भावाने, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, कर्ज काढून आणि बाहेरचे भागीदार घेऊन धाकट्यांचे हिस्से सोडवून घेतले, तेव्हा तो घरात राहिला.

मी मूळचा सांगलीचा. पंचवीस वर्षं पेन्सिल्व्हेनियात घरगुती धंद्यांचं मूल्यांकन आणि वारसा कराची कामं करतोय. स्टीलर्सचे मालक असलेल्या रूनी कुटुंबाचं काम मी कधी केलेलं नाही. त्यांच्याबद्दल लिहितो ते सगळं जाहीर झालेलं आहे. त्यावरची आकडेमोड मात्र माझ्या रोजच्या टेबलावरची.

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळण्याचा अमेरिकन खेळ, शाहू स्टेडियमवरचा नव्हे. आणि त्यांची लीग 'नॅशनल फुटबॉल लीग', तशी आपलीही १९९६ ते २००७ याच नावाची होती. पुढे गोव्याचा विषय येणार आहे, तेव्हा घोटाळा नको.

आता मालमत्ता काय होती ते बघा. आर्ट रूनी हा पिट्सबर्गच्या नॉर्थ साइड भागातल्या एका दारूच्या गुत्तेवाल्याचा मुलगा. मुष्टियुद्ध, बेसबॉल, घोड्यांच्या शर्यती, सगळ्यात रमलेला. पेन्सिल्व्हेनियात तेव्हा रविवारी व्यावसायिक खेळ भरवायला कायद्याने बंदी होती. १९३३ मध्ये ती उठणार अशी चिन्हं दिसली आणि त्याने २,५०० डॉलर भरून लीगमध्ये जागा घेतली. पुढची जवळपास चाळीस वर्षं हा संघ हरत होता. युद्धात खेळाडू पुरेनात म्हणून १९४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघात आणि १९४४ मध्ये शिकागोच्या कार्डिनल्समध्ये त्याची मोट बांधावी लागली. कार्डिनल्सबरोबरच्या त्या जोडसंघाने दहापैकी दहा सामने गमावले. 'कार्ड-पिट्स'चं लोकांनी 'कार्पेट्स' केलं, कारण जो येई तो तुडवून जाई. बाद फेरीतला पहिला विजय उजाडला तो डिसेंबर १९७२ मध्ये.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आज संघाची किंमत वाचून लोकांना वाटतं की आजोबांनी सोन्याची खाण घेऊन ठेवली होती. तसं नव्हतं. ही आपल्याकडच्या गावठाणालगतच्या वीस एकरांसारखी मालमत्ता आहे. बाजूने हायवे गेला, जमिनीचा भाव शंभरपट झाला, पण ऊस निघतो पूर्वीएवढाच. विकली तर कोट्यधीश, राखली तर वर्षाचं गाळप. अशा जमिनीवर भावाभावांत जे होतं, तेच संघात होतं. एकाला जमीन कसायची असते, बाकीच्यांना ती विकली तर किती येतील याचा हिशेब झोपू देत नाही. आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आर्ट रूनी ऑगस्ट १९८८ मध्ये वारला. डॅन, आर्ट ज्युनियर, टिम, पॅट आणि जॉन या पाच मुलांकडे प्रत्येकी १६ टक्के. उरलेले २० टक्के मॅकगिन्ली या जुन्या भागीदार कुटुंबाकडे. बापाच्या मनाने बघितलं तर यापेक्षा न्याय्य वाटणी नाही. माझ्या धंद्याच्या नजरेने बघितलं तर ही सर्वांत धोकादायक वाटणी. संघ चालवत होता एकटा डॅन, साठच्या दशकापासून. १९६९ मध्ये चक नोल हा प्रशिक्षक आणला, त्याने पहिल्या हंगामात चौदापैकी तेरा सामने गमावले, तरी त्याला हलवला नाही. नंतर त्याच नोलने सहा हंगामांत चार वेळा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. १९६९ पासून २०२५ च्या हंगामापर्यंत या संघाला तीनच मुख्य प्रशिक्षक झाले. दर दोन वर्षांनी माणूस बदलणाऱ्या लीगमध्ये असा धीर कुटुंबालाच परवडतो, कारण त्यांना तिमाहीचा हिशेब कुणाला द्यायचा नसतो. पण ज्याच्या धीरावर संघ उभा, त्याच्या हातात मालकी किती? इतर चौघांएवढीच. सोळा टक्के.

वीस वर्षं हे चाललं, कारण भाऊ समंजस होते आणि डॅनचा शब्द चालत होता. मग दोन गोष्टी एकत्र आल्या.

वर्तमानपत्रांत गाजली ती जुगाराची गोष्ट. टिम न्यू यॉर्कजवळचा याँकर्स रेसवे सांभाळत होता, पॅटकडे फ्लोरिडातला कुत्र्यांच्या शर्यतींचा पाम बीच केनेल क्लब. शर्यतींकडे लीगने काणाडोळा केला होता. पण २००६ मध्ये याँकर्सला जुगाराची यंत्रं बसली, आणि संघाचा मालक कॅसिनोचाही मालक कसा, असा प्रश्न लीगने काढला. ज्या घराचा कर्ता घोड्यांवर पैसे लावण्यात नावाजलेला, त्याच्या मुलांना घोड्यांमुळे संघ सोडायची पाळी यावी, हा दैवाचा विनोदच. आणखी विनोद असा की २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सट्ट्यावरची केंद्रीय आडकाठी काढली आणि आज तीच लीग सट्टा कंपन्यांच्या जाहिराती घेते, लास वेगासमध्ये तिचा एक संघही आहे. दहा वर्षं थांबले असते तर कदाचित हा मुद्दाच उरला नसता.

दुसरी गोष्ट कराची, आणि माझ्या मते खरी ढकलणारी तीच. २००८ मध्ये अमेरिकेत वारसा कराचा वरचा दर ४५ टक्के होता. संघाची किंमत सोयीसाठी १०० कोटी डॉलर धरू. एका भावाचा हिस्सा १६ कोटी. तो उद्या गेला तर कराच्या खात्याचं बिल सरळ हिशेबाने सव्वासात कोटींच्या आसपास. आमच्यासारखे लोक मग युक्तिवाद करतात की हा अल्पमतातला हिस्सा आहे, याच्या जोरावर प्रशिक्षकसुद्धा बदलता येत नाही, बाजारात तो सहज विकला जात नाही, म्हणून त्याची किंमत तीसेक टक्के कमी धरा. खात्याने मानलं तर हिस्सा ११.२ कोटींचा आणि कर पाच कोटींवर येतो. तरी पाच कोटी डॉलर रोख, तेही मृत्यूनंतर नऊ महिन्यांत. मुलांच्या हातात काय? एक कागद, ज्यावर वर्षाकाठी नफ्याचा जेमतेम वाटा येतो. विम्याची किंवा हप्त्यांची तजवीज आधी केलेली नसेल तर हिस्सा विकूनच कर भरायचा. पाचही भाऊ वयाने पुढे गेलेले. म्हणजे दहा-पंधरा वर्षांत अशी पाच बिलं येणार होती.

यावर वरताण लीगचा नियम: संघामागे एकच नियंत्रक मालक हवा, आणि त्याच्याकडे किमान ३० टक्के हवेत. लीगच्या बैठकीत पाच भाऊ हात वर करू शकत नाहीत. डॅनकडे सोळाच.

२००८ च्या उन्हाळ्यात भावांनी गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेकडून किंमत काढून घेतल्याचं बाहेर आलं आणि पिट्सबर्गचं धाबं दणाणलं. स्टॅन्ली ड्रकनमिलर हा वॉल स्ट्रीटवरचा मोठा गुंतवणूकदार, स्वतः स्टीलर्सचा भक्त, भावांचे हिस्से घ्यायला तयार होता. भावांच्या बाजूने बघा: बाहेरचा माणूस पूर्ण भाव देतोय, सख्खा भाऊ कमी देतोय. कुणाला द्यायचं? आपल्याकडे या प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजल्यात. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही वॉल स्ट्रीटवरची बँक कोसळली, त्याच सुमारास ड्रकनमिलरने माघार घेतली. डिसेंबरच्या १७ तारखेला लीगने डॅन आणि त्याचा मुलगा आर्ट दुसरा यांच्या व्यवहाराला मान्यता दिली. बापलेकांकडे मिळून ३० टक्के. टिम आणि पॅट पूर्ण बाहेर पडले, आर्ट ज्युनियर आणि जॉनने थोडा थोडा हिस्सा ठेवला, मॅकगिन्लींनीही आपला कमी केला, आणि उरलेल्या जागी नवे छोटे भागीदार आले.

दीड महिन्यात, १ फेब्रुवारी २००९ ला, स्टीलर्सनी सुपर बोल जिंकला. समोर कोण होतं? कार्डिनल्स. तेच, १९४४ चे 'कार्पेट्स'मधले जोडीदार, आता अॅरिझोनात, आणि १९३२ पासून तेही एकाच बिडविल कुटुंबाकडे.

आता तुमच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे येतो. डॅन रूनीने केलं ते तत्त्वात साधं आहे. जो चालवतो त्याच्याकडे मालकीचा जोर आला, आणि जे चालवत नाहीत त्यांना जिवंतपणी रोख मिळाले. हे सगळं भाऊ हयात असताना, एकाच टेबलाशी बसून झालं. चुलत भावंडांच्या पिढीवर गेलं असतं तर जमलं नसतं, असं माझं मत आहे. सख्खे भाऊ एका ताटात जेवलेले असतात, भांडले तरी एकमेकांची नस माहीत असते. चुलत भावंडांना एकमेकांचे फक्त टक्के माहीत असतात.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो, नावं सोडून. तीन भाऊ, ट्रकच्या सुट्या भागांचा धंदा. त्यांनी शहाणपणाने करार करून ठेवला होता: कुणी गेला तर बाकीच्यांनी त्याचा हिस्सा ठरलेल्या किमतीला घ्यायचा. किंमत कागदावर आकड्यात लिहिलेली, दरवर्षी नवी टाकायची असं ठरलेलं. पहिल्या वर्षानंतर कुणी टाकलीच नाही. मधला भाऊ गेला तेव्हा धंदा पाचपट झालेला, कागदावर आकडा जुनाच. विधवेच्या हातात खऱ्या किमतीच्या एक पंचमांशच पडलं आणि दोन घरांतलं येणंजाणं कायमचं थांबलं. करार होता, वकील होते, सही होती. म्हणून आता मी आकडा लिहूच देत नाही. किंमत कोण काढणार आणि कोणत्या पद्धतीने, एवढंच लिहितो.

ज्या घरांत संघ निसटला तिथल्या गोष्टी जास्त शिकवतात. मायामी डॉल्फिन्सचा मालक 'जो रॉबी' जानेवारी १९९० मध्ये गेला. मोठं कुटुंब, ट्रस्ट केलेला, स्वतःच्या पैशाने स्टेडियम बांधलेलं. पण विधवेने ट्रस्टबाहेर आपला कायदेशीर वाटा मागितला, त्याने सुमारे ४.७ कोटी डॉलरचा कर अंगावर आला, भावंडांतही बेबनाव होता. १९९४ मध्ये संघ वेन हायझेंगाच्या हाती गेला.

डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या पॅट बोलेनने तर सगळं लिहून ठेवलं होतं, म्हणून ते प्रकरण मला जास्त खुपतं. त्याला स्मृतिभ्रंश झाला, २०१४ मध्ये तो बाजूला झाला. दोन लग्नांची सात मुलं. ट्रस्ट होता, तीन विश्वस्त होते, आणि सातांपैकी लायक कोण हे विश्वस्तांनी ठरवायचं होतं. त्यांनी निकषही काढले: वरची पदवी हवी, लीगमध्ये किंवा संघात पाच वर्षं वरच्या पदावर काम हवं. म्हणजे बापाची गादी आणि नियम नोकरभरतीचे. पहिल्या लग्नाची मुलगी म्हणाली मी लायक आहे, विश्वस्त म्हणाले नाही, आणि त्यांचा कल दिसत होता दुसऱ्या लग्नाच्या एका मुलीकडे. दावे लागले. बोलेन २०१९ मध्ये गेला, आणि २०२२ मध्ये वॉलमार्टवाल्या वॉल्टन-पेनर मंडळींनी ४६५ कोटी डॉलरला संघ घेतला. म्हणजे संघ अखेर एका कुटुंबाकडून दुसऱ्या, कितीतरी श्रीमंत कुटुंबाकडे गेला. मी बोलेनच्या खोलीत असतो तर एकच म्हटलं असतं: साहेब, नाव तुम्ही घ्या. जो निर्णय मुलांच्या तोंडावर सांगण्याचं धैर्य बापाला होत नाही, तो पगारी विश्वस्तांनी सांगितलेला मुलं कशी मानतील?

नाव घेतल्यानेही सगळं सुटत नाही. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघाच्या टॉम बेन्सनने नाव घेतलंच. २०१५ मध्ये मुलगी आणि दोन नातवंडांना बाजूला करून बायकोला वारस केलं. ज्यांना वर्षानुवर्षं वारस म्हणून पुढे आणलं त्यांनीच म्हाताऱ्याची बुद्धी शाबूत नाही असा अर्ज केला. न्यायालयाने तो शाबूत ठरवला, ट्रस्टमधल्या शेअरवरचं भांडण मात्र २०१७ पर्यंत चाललं.

न्यू यॉर्क जायंट्सची भाऊबंदकी आपल्याला घरची वाटेल. १९२५ मध्ये टिम माराने ५०० डॉलरला घेतलेला संघ पुढे त्याचा मुलगा वेलिंग्टन आणि आजोबांचंच नाव असलेला नातू टिम, म्हणजे काका-पुतण्या, यांच्यात अर्धा-अर्धा. दोघं वर्षानुवर्षं बोलत नव्हते. व्यवस्थापक कोण नेमायचा यावर अडलं, तेव्हा १९७९ मध्ये लीगच्या कमिशनरनेच मध्ये पडून जॉर्ज यंगचं नाव पुढे केलं. पन्नास-पन्नास ही वाटणीच नव्हे, ते कुलूप आहे. माझ्याकडे कुणी ती घेऊन आलं तर मी आधी चहा मागवतो, कारण वेळ लागणार असतो. १९९१ मध्ये पुतण्याच्या बाजूचा अर्धा हिस्सा टिश कुटुंबाने घेतला आणि संघ शांत झाला. जाता जाता: या मारांची आणि रूनींची सोयरीक आहे. केट मारा आणि रूनी मारा या अभिनेत्री दोन्ही घराण्यांच्या नाती. एकीच्या नावातच दोन संघ आहेत.

शिकागो बेअर्सची तऱ्हा वेगळी. जॉर्ज हॅलसने १९२० पासून तो संघ वाढवला, मुलाला तयार केलं, आणि मुलगा १९७९ मध्ये बापाआधी गेला. १९८३ मध्ये हॅलस गेल्यावर संघ मुलीकडे, व्हर्जिनिया मॅककॅस्कीकडे आला. तिला अकरा मुलं. १९९९ मध्ये थोरल्या मायकेलच्या हातून रोजचा कारभार काढून टेड फिलिप्स या घराबाहेरच्या माणसाकडे दिला गेला. तो संघाच्याच हिशेब खात्यातून वर आलेला, याचा आमच्या जातीला थोडा अभिमान आहे. शिकागोचे प्रेक्षक या कुटुंबाला दरवर्षी शिव्या घालतात, बहुतेक वेळा रास्तच. पण व्हर्जिनियाबाई फेब्रुवारी २०२५ मध्ये १०२ वर्षांच्या होऊन गेल्या तोवर त्या घराने संघ फुटू दिला नाही, हेही तितकंच खरं. मैदानावर जिंकणं आणि मालकी टिकवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न पैशाचा. अमेरिकेतल्या ३२ संघांपैकी फक्त ग्रीन बे पॅकर्स आपला जमाखर्च लोकांसमोर ठेवतात, म्हणून आम्हाला काही कळतं. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात लीगकडून त्यांना ४३.२६ कोटी डॉलर आले. ही मुख्यतः टीव्हीच्या हक्कांची रक्कम, आणि ती ३२ संघांत सारखी वाटली जाते. न्यू यॉर्कच्या संघाला जेवढी, तेवढीच एक लाखाच्या आसपास वस्तीच्या ग्रीन बेला. त्या वर्षी पॅकर्सचा कामकाजातला नफा ८.३७ कोटी. आता असा संघ सहा-सात अब्ज डॉलरचा धरा. सव्वा टक्का परतावा झाला, तोही सगळा वाटला तर. बँकेत ठेव ठेवणारा माणूससुद्धा हसेल. म्हणून घरातले जे संघात काम करतात त्यांना पगार मिळतो, बाकीच्यांना चांगल्या जागा आणि थोडा लाभांश. काही रचनांत तर नफा हातात पडो न पडो, आपल्या वाट्याच्या नफ्यावरचा कर भागीदारालाच भरावा लागतो. म्हणून करारात निदान कराएवढे पैसे दरवर्षी वाटायचे असं कलम मी घालायला लावतो. ते नसलं की आत्याबाई कोर्टात जातात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

पण त्या समान वाटपातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे. १९६१ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला आणि लीगला सगळ्या संघांचे टीव्ही हक्क एकत्र विकायची मुभा मिळाली. मोठ्या शहरांच्या संघांनी, त्यात जायंट्सचे मारा होते, आपला मोठा घास सोडून समान वाटा मान्य केला. १९९४ पासून खेळाडूंच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे. आणि कितीही हरलात तरी खालच्या लीगमध्ये ढकललं जात नाही. रूनींचा सज्जनपणा मी नाकारत नाही, पण सज्जन कुटुंबं जगभर बुडालेली आहेत. या घराला बुडू न देणारं पात्र लीगने बांधून दिलं होतं.

आपल्याकडे कुटुंबं नव्हती का? होती, आणि अव्वल होती. गोव्यात धेंपे (त्यांचा संघ 'धेंपो'), साळगावकर, चर्चिल आलेमाव यांचं घराणं. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांतली राष्ट्रीय विजेतेपदं मोजा: धेंपो पाच, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक, आणि उरलेलं एक मुंबईच्या महिंद्र युनायटेडचं. नऊच्या नऊ गोवा-मुंबईत, आणि त्यांतली आठ घराण्यांच्या संघांची. त्यातला धेंपो-साळगावकरांचा पैसा मूळ खाणीचा. खाणी थांबल्या म्हणून संघ थांबले असं सरसकट सांगितलं जातं, ते पुरतं बरोबर नाही. धेंपोंनी खाणधंदा २००९ मध्येच सेसा गोवा या खाणकंपनीला विकला होता, आणि त्यानंतरही संघाने दोन विजेतेपदं घेतली.

मोडलं ते वेगळ्या जागी. आपल्याकडे टीव्हीचा पैसा संघांपर्यंत कधी आलाच नाही. वर्षाचा खर्च मालकाने खिशातून घालायचा, आणि त्या बदल्यात कागदावर किंमतही वाढत नव्हती. अमेरिकेतला ऊस थोडा असला तरी हायवे होता. इथे दोन्ही नाही. मग २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही नवी लीग आली, आणि जुन्यांना खालच्या पायरीवर बसवण्याचा आराखडा पुढे आला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून, म्हणजे २००७ नंतर नाव बदललेल्या आपल्या जुन्या राष्ट्रीय लीगमधून, अंग काढून घेतलं. जिंकूनही वरचं दार उघडणार नसेल तर कुठलं घर दरवर्षी पैसे ओतेल? महिंद्रने त्याआधीच, २०१० मध्ये, संघ बंद केला होता. धेंपो पुढे २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतले, ही त्यांची हौस म्हणा किंवा हट्ट.

वारसा कर तर आपल्याकडे १९८५ पासून नाहीच. म्हणजे रूनींना ज्याने जेरीला आणलं ते संकटच गोव्यातल्या घरांपुढे नव्हतं. उलट गोव्यातल्या पोर्तुगीज वळणाच्या कायद्यात निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, बाप ती मृत्युपत्राने काढून घेऊ शकत नाही. बेन्सन गोमंतकीय असता तर त्याला मुलीला असं पूर्ण झटकता आलं नसतं. गंमत म्हणजे त्याच्या लुइझियानातही फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा तसाच कायदा होता. नव्वदीत तो पातळ करून मुख्यतः चोवीसच्या आतल्या मुलांपुरता ठेवला. पण असा राखीव वाटा म्हणजे पुन्हा समान तुकडे, आणि समान तुकड्यांचं काय होतं ते वर सांगितलंच. गोव्यात माझ्याकडे कुणी विचारलं तर मी सांगतो: राखीव निम्म्यात घर, जमीन, ठेवी घाला, आणि मोकळ्या निम्म्यातून धंद्याचा जोर एका हातात द्या.

तुमच्या कोल्हापूरचा तर तिसराच मार्ग आहे, आणि तुमच्या तो लक्षात आला नसावा. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा: हे संघ कुणा घराण्याचे नाहीत, तालमींचे आणि पेठांचे आहेत. अमेरिकेत असा संघ एकच, ग्रीन बे. १९२३ पासून लोकांच्या मालकीचा, पाच लाखांवर भागधारक. त्या शेअरला लाभांश नाही, किंमत वाढत नाही, नफ्याने विकता येत नाही. तरी २०२१-२२ च्या विक्रीत लोकांनी ३०० डॉलर देऊन तो घेतला आणि चौकट करून भिंतीवर लावला. तिथे वारसाचं भांडण होत नाही, कारण वाटायला काही नसतंच. आता लीगचा नियम असा संघ नव्याने होऊ देत नाही.

रूनींकडे परत यायचं तर डॅन एप्रिल २०१७ मध्ये गेला. शेवटपर्यंत तो नॉर्थ साइडच्या आपल्या वडिलांच्या घरात राहत होता, तिथून स्टेडियमला चालत जायचा. आता संघ आर्ट दुसऱ्याकडे आहे, त्याचा जन्म १९५२ चा. नियंत्रक मालकाच्या टक्क्यांचा नियम लीगने जुन्या कुटुंबांसाठी नंतर सैल केला, आणि ऑगस्ट २०२४ पासून गुंतवणूक फंडांना एका संघात १० टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायची परवानगी दिली. त्या ठरावाला विरोध फक्त सिनसिनाटीच्या ब्राउन कुटुंबाचा होता. बाकीच्या कित्येक घरांना ती वाट हवीच होती: बाहेर पडणाऱ्या भावंडांना पैसे द्यायला आता घरच्यांनी कर्ज काढायची गरज नाही, फंड देईल. फक्त फंडाला काही वर्षांनी नफ्यासह बाहेर पडायचं असतं, आणि त्याच्याशी बोलायला थोरला भाऊ नसतो.

तुमच्या दुकानाच्या भिंतीबद्दल: ती पाडता येईल की नाही हे मला लांबून सांगता येणार नाही. पण दोन्ही बाजूंचे चुलते अजून हयात असतील, तर गल्ला कोणाकडे आणि जागा कोणाच्या नावावर ते मला लिहून पाठवा. दुकानाची किंमत कुणाकडून काढायची ते आधी ठरवू.